सोरायसिसचा उपचार सोडू नका, त्याचा हिशेब ठेवा

सोरायसिसवर वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्याला कधी ना कधी कुणीतरी सांगतेच, “बंद कर ती औषधं, त्यांनी कॅन्सर होतो.” सांगणारा जवळचाच असतो आणि काळजीपोटीच सांगतो. ऐकणारा मात्र घाबरतो. मग तो लागू पडलेला उपचार अर्ध्यावर सोडतो, नाहीतर भीती मनात ठेवून, डॉक्टरांना काहीही न विचारता गोळ्या घेत राहतो. दोन्हींत नुकसान त्याचेच होते.

या भीतीत तथ्य आहे, पण ते सगळ्या उपचारांना सारखे लागू नाही. काही उपचारांनी त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे अभ्यासांनी दाखवले आहे. काहींनी तो वाढल्याचे दिसलेले नाही, आणि एका औषधाने तर तो कमी होतो. ज्या उपचारांत धोका आहे, तिथेही तो एका दिवसात येत नाही. वर्षानुवर्षे थोडा थोडा साठत जातो. म्हणून आपण आजवर कोणता उपचार किती घेतला, हे रुग्णाला ठाऊक असणे ही यातली सर्वात मोठी खबरदारी आहे. नेमकी तीच गोष्ट आपल्याकडे कुणी लिहून ठेवत नाही.

जोह्यासारख्या गावात हा प्रश्न वेगळा का

जोहे, हमरापूर, कळवे, दादर, रावे हा पेण तालुक्यातला पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. साच्यातून मूर्ती काढणे, काथ्या आणि प्लास्टर हाताळणे, पॉलिश पेपरने घासकाम, रंगकाम, आखणी, अशी कामे घराघरात वर्षभर चालतात. शिवाय भातशेती आहे, खाडीची कामे आहेत. सोरायसिसमध्ये एक खोड असते. त्वचेवर जिथे सतत घासले जाते, खरचटते किंवा दाब पडतो, तिथे नवे चट्टे उठतात. घासकाम करणाऱ्याची बोटांची पेरे आणि तळहात, चिखलात लावणी करणाऱ्या बाईची पावले, परकराच्या नाडीखालची कंबर, अशा ठिकाणी हा आजार पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. काम सोडता येत नाही, त्यामुळे उपचारही लांबत जातो.

दुसरी अडचण अंतराची. सोरायसिसवरचा मशीनचा प्रकाशोपचार आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन-तीन महिने घ्यावा लागतो. पेण, पनवेल किंवा मुंबईला इतक्या खेपा मारणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. गणेशोत्सवाच्या आधीच्या दोन महिन्यांत तर कारखान्यातून हलताच येत नाही. मग सोपा वाटणारा मार्ग धरला जातो. गोळी घेऊन अंगणात उन्हाला बसायचे, किंवा एकदा लिहून मिळालेल्या गोळ्या दुकानातून पुन्हा पुन्हा आणायच्या, किंवा कुणीतरी सांगितलेली पुडी सुरू करायची. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाताना आधीची चिठ्ठी हरवलेली असते. नव्या डॉक्टरांना मागचे काहीच कळत नाही. उपचारातला धोका वाढतो तो इथे.

आता एकेक उपचार घेऊन पाहू.

सोरॅलेनची गोळी आणि ऊन

आयुर्वेदात कोडावर बावची वापरतात, हे अनेकांना माहीत असेल. बावचीत सोरॅलेन नावाचे द्रव्य असते. ते पोटात घेतले किंवा त्वचेला लावले, की त्वचा उन्हातल्या अतिनील किरणांना कितीतरी जास्त प्रतिसाद देऊ लागते. याच तत्त्वावर १९७४ साली अमेरिकेत बोस्टनच्या डॉक्टरांनी सोरायसिससाठी ‘पुवा’ उपचार मांडला. सोरॅलेनची गोळी घ्यायची आणि साधारण दोन तासांनी मशीनमध्ये अतिनील ‘ए’ किरण घ्यायचे, असा तो उपचार. गुण इतका चांगला आला, की थोड्याच वर्षांत तो जगभर पोहोचला. आपल्याकडे मशीन सगळीकडे नसल्याने डॉक्टर गोळीनंतर मोजके ऊन घ्यायला सांगू लागले. त्याला ‘पुवासोल’ म्हणतात.

अमेरिकेतल्या १६ केंद्रांमधल्या १,३८० पुवा-रुग्णांवर डॉक्टरांनी पुढे कित्येक वर्षे लक्ष ठेवले. सोरायसिसच्या उपचारांतल्या कॅन्सरच्या धोक्याविषयी जगाला जे कळले, त्यातले बरेचसे याच अभ्यासातून. १९७९ सालीच त्यातून इशारा मिळाला, की या रुग्णांत ‘स्क्वॅमस सेल’ प्रकारचा त्वचेचा कॅन्सर अपेक्षेपेक्षा जास्त दिसतो आहे. सत्रांची संख्या जितकी जास्त, तितका धोका जास्त. १९९० साली दिसले, की पुरुषांच्या जननेंद्रियांवर हा धोका विशेष आहे. १९९७ साली आढळले, की पहिल्या उपचाराला सुमारे १५ वर्षे झाल्यावर, मुख्यतः २५० किंवा त्याहून जास्त सत्रे घेतलेल्यांत, मेलानोमा या घातक कॅन्सरचे प्रमाणही वाढते. म्हणूनच आज डॉक्टर आयुष्यभरातली पुवाची सत्रे साधारण १५० ते २०० च्या आसपास पोहोचली, की थांबून फेरविचार करतात.

हे सगळे रुग्ण मुख्यतः गोऱ्या त्वचेचे होते. आशियाई आणि अरब देशांतल्या रुग्णांवरच्या अभ्यासांत पुवामुळे कॅन्सर तितका वाढल्याचे दिसलेले नाही. आपल्या त्वचेतले रंगद्रव्य आपल्याला बरेच संरक्षण देते. ही दिलासा देणारी गोष्ट आहे, पण तिच्या जोरावर मोजदाद सोडून देणे चुकीचे. मशीनमध्ये किरणांची मात्रा ठरलेली असते, उन्हात ती ठरवता येत नाही. एप्रिलचे ऊन आणि डिसेंबरचे ऊन सारखे नसते. पावसाळ्यात उपचार बंद पडतो, आणि ऑक्टोबरात ऊन पडले की रुग्ण जूनमध्ये सोडलेल्या मिनिटांपासून पुन्हा सुरुवात करतो. त्वचेची सवय मात्र तोवर मोडलेली असते, आणि ती भाजते.

डॉक्टरांनी तुम्हाला हा उपचार दिला असेल, तर पुढील गोष्टी कटाक्षाने पाळा. गोळी सांगितलेल्या मात्रेतच घ्या, आणि उपाशीपोटी घेऊ नका. ऊन घड्याळ लावून घ्या. खंड पडला असेल, तर डॉक्टरांना विचारून कमी वेळेपासून सुरुवात करा. गोळी घेतल्यापासून अंधार पडेपर्यंत अतिनील किरण अडवणारा चष्मा वापरा. जत्रेत मिळणारा काळा चष्मा नुसता उजेड कमी करतो, किरण अडवतोच असे नाही. चट्टे नसलेला चेहरा आणि जननेंद्रिये उपचाराच्या वेळी झाकलेली असू द्या. ठरलेले ऊन घेऊन झाल्यावर त्या दिवशी शेतात किंवा उघड्यावर काम करायचे असेल, तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डोक्याला टोपी किंवा पदर हवाच. बावचीचे तेल स्वतःच्या मनाने लावून उन्हात बसू नका. त्याने मोठाले फोड येतात, आणि अशा भाजण्याची गणना कुठल्याही कागदावर होत नाही.

नॅरोबँड यूव्हीबी

आज बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ मशीनचा जो प्रकाशोपचार देतात, तो ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील ‘बी’ किरणांचा असतो. यासाठी सोरॅलेनची गोळी लागत नाही. स्कॉटलंडमध्ये सुमारे ३,९०० रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात या उपचाराने त्वचेचा कॅन्सर निश्चितपणे वाढल्याचे आढळले नाही. गरोदरपणातही डॉक्टर हा उपचार देऊ शकतात. खेपा मारणे शक्य असेल, तर प्रकाशोपचारांत हा पर्याय जास्त निर्धास्त आहे. काहीजण घरी वापरायचे छोटे मशीन घेतात. तेही चालते, पण डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, आणि प्रत्येक सत्राची नोंद करून.

सायक्लोस्पोरिन आणि अझाथायोप्रिन

अवयवरोपणानंतर दिली जाणारी ही औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात, आणि त्यामुळे तीव्र सोरायसिस आटोक्यात येतो. सायक्लोस्पोरिनचा गुण लवकर दिसतो. कॅन्सरच्या संदर्भात सर्वात सावधपणे वापरायचे औषधही हेच आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १,२५२ रुग्णांच्या अभ्यासात, हे औषध घेणाऱ्या सोरायसिसच्या रुग्णांत त्वचेचा कॅन्सर सामान्य लोकांच्या सुमारे सहा पट आढळला. ज्यांनी ते दोन वर्षांहून जास्त घेतले, आणि ज्यांनी आधी पुवा घेतला होता, त्यांच्यात धोका अधिक होता. म्हणून हे औषध सलग एक-दोन वर्षांपलीकडे चालू ठेवत नाहीत. रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही सोबत कराव्या लागतात.

अझाथायोप्रिन आपल्याकडे तुलनेने स्वस्त असल्याने काही रुग्णांना दिले जाते. त्यामुळे त्वचा अतिनील ‘ए’ किरणांना जास्त संवेदनशील होते आणि दीर्घ वापरात कॅन्सरचा धोका वाढतो. यांपैकी कोणतेही औषध चालू असेल, तर उन्हातल्या कामात अंग झाकून घ्या, आणि आधी कधी सोरॅलेन घेतले असेल तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते सांगा. सायक्लोस्पोरिन द्यायचे की नाही, हा निर्णय तुमच्या या एका वाक्यावर बदलू शकतो.

मेथोट्रेक्सेट

महाराष्ट्रात सोरायसिसच्या गोळ्यांत हे नाव सर्वात परिचयाचे. अमेरिका-कॅनडात हृदयविकाराच्या रुग्णांना कमी मात्रेतले मेथोट्रेक्सेट देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. त्यात त्वचेचा कॅन्सर, मुख्यतः स्क्वॅमस सेल, औषध न घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट दिसला. मुळात हे प्रमाण कमी, आणि आपल्या त्वचेत ते आणखी कमी. त्यामुळे या एका कारणासाठी मेथोट्रेक्सेट सोडण्याची गरज नाही. त्याचा खरा आणि तातडीचा धोका वेगळा आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली, तर तोंडात जखमा होतात, रक्तपेशी घटतात, जीवावर बेतते. आठवड्याचा एक वार ठरवा आणि तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्या टाळू नका, दारू घेऊ नका. मूल हवे असेल, तर स्त्री आणि पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावे.

इंजेक्शने, अ‍ॅसिट्रेटिन आणि डांबराची मलमे

अलीकडे बायोलॉजिक इंजेक्शने उपलब्ध झाली आहेत. अ‍ॅडॅलिम्युमॅब, इटॅनर्सेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब या जुन्या गटात काही अभ्यासांत त्वचेच्या साध्या कॅन्सरची किंचित वाढ दिसली. सेक्युकिनुमॅबसारख्या नव्या औषधांत तसे ठळकपणे दिसलेले नाही. आपल्या देशात या इंजेक्शनांआधीची सर्वात महत्त्वाची तपासणी क्षयरोगाची असते. दडलेला टीबी ती उफाळून आणू शकतात. कमी दरात कुणी परस्पर इंजेक्शन देऊ करत असेल आणि छातीचा एक्स-रे किंवा टीबीची तपासणी विचारतही नसेल, तर तिथून निघून या.

अ‍ॅसिट्रेटिन ही गोळी मात्र उलट दिशेने काम करते. ती स्क्वॅमस सेल कॅन्सरचा धोका कमी करते, म्हणून काही डॉक्टर ती पुवासोबत देतात. तिची अट कडक आहे. गर्भाला तिने गंभीर व्यंग येते, आणि बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून मूल होऊ शकेल अशा वयातल्या बहुतेक स्त्रियांना ती देत नाहीत.

डांबरापासून केलेल्या कोल टारच्या मलमांबद्दल जुनी भीती आहे, कारण डांबर आणि काजळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कामगारांना त्वचेचा कॅन्सर होतो, हे फार पूर्वीच कळले होते. पण नेदरलँड्समध्ये सोरायसिस आणि इसबाच्या १३,००० हून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, आणि अशी मलमे वापरणाऱ्यांत कॅन्सर वाढल्याचे त्यात आढळले नाही. डॉक्टरांनी दिलेले टारचे मलम निर्धास्तपणे लावा. स्टेरॉइडच्या मलमांनी कॅन्सर होत नाही, पण मनाने महिनोन्महिने लावली तर त्वचा पातळ होते. स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक थांबवल्या, तर सोरायसिस अंगभर पेटून उठू शकतो.

पुडीतले औषध

कॅन्सरच्या दृष्टीने आपल्या भागातला सर्वात कमी बोलला जाणारा धोका इथे आहे. १७८६ साली इंग्लंडमधल्या थॉमस फाउलर या डॉक्टरांनी आर्सेनिकचे एक द्रावण प्रचारात आणले. पुढची शंभर-दीडशे वर्षे ते सोरायसिसवर सर्रास दिले जाई, आणि चट्टे खरोखर विरायचेही. १८८७-८८ च्या सुमारास जोनाथन हचिन्सन यांनी दाखवून दिले, की ते दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांच्या तळहात-तळपायांवर टणक दाणे येतात आणि काहींत त्यांचाच कॅन्सर होतो. आर्सेनिकने होणारा कॅन्सर गोरा-सावळा असा भेद करत नाही. उन्हापासून झाकलेल्या जागीही तो होतो, आणि औषध थांबवून वीस-तीस वर्षे झाल्यावरही होतो.

आज आर्सेनिक कुणी नाव घेऊन देत नाही. पण बिनलेबलच्या पुडीत काय आहे, हे देणाराही सांगू शकत नाही. अमेरिकेत २००४ आणि २००८ साली बाजारातल्या आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. काही पुड्यांत स्टेरॉइडही मिसळलेले असते, म्हणून आठ दिवसांत चट्टे गायब होतात. आयुर्वेदिक उपचार घ्यायचा असेल, तर नोंदणीकृत वैद्यांकडून घ्या. औषधावर घटक, कंपनी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारीख छापलेली असावी. “शंभर टक्के मुळासकट बरा करतो” असे सांगून बिननावाची पुडी देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

आपल्या त्वचेत कॅन्सर कुठे आणि कसा दिसतो

भारतात एकूण कॅन्सरमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा वाटा एक टक्क्याहून कमी सांगितला जातो. त्यामुळे दर चट्ट्याकडे संशयाने बघायचे कारण नाही. पण तो दुर्मिळ असल्यामुळेच उशिरा ओळखला जातो. इंटरनेटवर दिसणारी चित्रे बहुधा गोऱ्या त्वचेची असतात, आणि आपल्याकडे तो तसा दिसत नाही. आपल्यात मेलानोमा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. जुना भाजल्याचा व्रण, वर्षानुवर्षे न भरलेली जखम, सतत घासली जाणारी जागा, अशा ठिकाणी स्क्वॅमस सेल कॅन्सर उद्भवतो.

यातले एक निरीक्षण मुंबईतलेच आहे. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले थोर विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली, कमरेला धोतर घट्ट बांधणाऱ्यांत त्याच रेषेवर होणाऱ्या त्वचेच्या कॅन्सरची नोंद जगापुढे ठेवली. पुढे साडी-परकराच्या नाडीखालीही तसाच कॅन्सर आढळला. सोरायसिसचे चट्टेही नेमके याच रेषेवर उठतात. म्हणून नाडी सैल आणि रुंद ठेवा, गाठीची जागा बदलत राहा. कमरेवरचा चट्टा जखम होऊन भरत नसेल, तर तो सोरायसिसच आहे असे गृहीत धरू नका.

सोरायसिसच्या रुग्णाने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. त्वचेच्या कॅन्सरची अगदी पहिली अवस्था हुबेहूब सोरायसिसच्या एका चट्ट्यासारखी दिसू शकते. फरक वागण्यात असतो. औषधाने बाकीचे चट्टे बसतात आणि तो एकटा तसाच राहतो, हळूहळू वाढतो.

महिन्यातून एकदा अंघोळीनंतर, दिवसाच्या भरपूर उजेडात सगळे अंग पाहा. पाठ, कंबर आणि डोके घरच्या माणसाकडून पाहून घ्या. तळपाय, बोटांच्या बेचक्या, नखे, कानांच्या पाळ्या, ओठ आणि जननेंद्रिये विसरू नका. पुढीलपैकी काही दिसले, तर महिनाभरात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा :

१. चार आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा भरून पुन्हा फुटणारी जखम.
२. इतर चट्टे बसले तरी न बसणारा, वाढत जाणारा एकटा चट्टा.
३. टणक, शिंगासारखी वर आलेली किंवा नुसत्या स्पर्शाने रक्त येणारी गाठ.
४. तळपायावर किंवा तळहातावर नवा काळा डाग, वेडीवाकडी कड असलेला किंवा पसरणारा.
५. नखात उभी काळी रेघ, रुंद होत जाणारी किंवा नखाबाहेरच्या कातडीवर उतरलेली.
६. तळहात-तळपायांवर ज्वारीच्या दाण्यासारखे कडक दाणे आणि अंगावर पावसाच्या थेंबांसारखे पांढरे-काळे ठिपके. ही आर्सेनिकची खूण असू शकते.
७. मोतीदाण्यासारखी चकाकणारी काळसर पुळी, बहुधा चेहऱ्यावर.
८. मानेत, काखेत किंवा जांघेत आलेली नवी गाठ.

चट्टा बरा झाल्यावर उरणारा पांढरा किंवा काळा डाग मात्र नेहमीचा असतो. त्याने घाबरू नका. संशयाच्या डागाशेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून मोबाइलवर फोटो काढा. महिन्याने पुन्हा तसाच काढला, की डाग वाढला की नाही हे डॉक्टरांना लगेच दिसते.

तुकड्याची भीती

“तुकडा काढला की कॅन्सर पसरतो,” हा समज आपल्याकडे फार खोल आहे. तो खरा नाही. बायोप्सीने त्वचेचा कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. या तुकड्याशिवाय सोरायसिस आणि सुरुवातीचा कॅन्सर यांतला फरक कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. स्क्वॅमस सेल आणि बेसल सेल हे त्वचेच्या कॅन्सरचे दोन प्रकार लवकर सापडले, तर बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने पूर्ण निघतात. टाळाटाळ केल्याने मात्र लहान शस्त्रक्रियेची मोठी होते.

हिशेबाची वही

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दुकानात मिळणारी एक साधी शंभर पानी वही घ्या आणि ती फक्त सोरायसिससाठी ठेवा. पहिल्या पानावर आजार कधी सुरू झाला, आजवर कोणकोणते उपचार घेतले, कुठे आणि साधारण किती काळ, हे आठवेल तेवढे लिहा. वीस-तीस वर्षांपूर्वी मुंबईच्या रुग्णालयात गोळी घेऊन मशीनमध्ये उभे राहिला असाल, तर ते पहिल्यांदा लिहा.

पुढे प्रत्येक प्रकाशोपचाराची एक ओळ असावी : तारीख, ठिकाण, प्रकार, कितवे सत्र, मात्रा किंवा मिनिटे, आणि त्वचा भाजली का. उन्हातला उपचार असेल, तर घरी घेतलेले प्रत्येक ऊनही मोजा. गोळ्यांसाठी नाव, मात्रा, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख लिहा. रक्ताच्या अहवालांची पाने त्याच वहीत चिकटवा. पुडीतले औषध घेतले असेल, तर तेही लपवू नका. डॉक्टर रागावतील म्हणून लपवलेली पुडी पुढच्या निर्णयात सर्वात जास्त घोळ घालते. वहीच्या पानांचे फोटो घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलवर ठेवा, कारण पुरात किंवा कारखान्याच्या ओलीत कागद टिकत नाही.

ही वही घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा पाच प्रश्न विचारा. माझी आजवरची एकूण सत्रे किती झाली? आणखी किती देता येतील? या औषधाला काळाची मर्यादा आहे का? माझ्या आधीच्या उपचारांशी हे जुळते का? आणि माझ्या संपूर्ण त्वचेची तपासणी किती दिवसांनी करायची? पुवा बराच घेतलेल्या, सायक्लोस्पोरिन किंवा अझाथायोप्रिन घेतलेल्या, अथवा आर्सेनिकची शंका असलेल्या रुग्णाने वर्षातून एकदा तरी डोक्यापासून पायापर्यंत तपासणी करून घ्यावी. गणपती निघून गेल्यावर कारखान्यात हात थोडे मोकळे होतात. तो आठवडा दरवर्षी या कामाला ठरवून टाका.

कुठे जायचे

सुरुवात पेणच्या उपजिल्हा रुग्णालयापासून किंवा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापासून करता येते. तिथून त्वचारोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. बायोप्सी आणि प्रकाशोपचारासाठी मुंबईतली केईएम, सायन, नायर आणि जे. जे. ही रुग्णालये आहेत. तिथे त्वचारोगाचे स्वतंत्र विभाग आहेत आणि खर्चही आवाक्यातला आहे. कॅन्सरचे निदान झालेच, तर परळचे टाटा मेमोरियल हॉस्पिटल आहे, आणि त्याच संस्थेचे खारघरचे केंद्र पेणकरांना जवळचे पडते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा, आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा.

आणखी एक गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर त्वचेच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त लोकांना होतो. औषधाने कॅन्सर होईल म्हणून गोळी टाळणारा माणूस तंबाखूची चिमूट किंवा मिश्री सोडत नसेल, तर त्याची भीती चुकीच्या ठिकाणी आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्याने तर तंबाखू पूर्णच सोडावी. धूम्रपानाने सोरायसिसही चिघळतो. महिन्याच्या तपासणीत ओठ, गालाची आतली बाजू आणि जिभेच्या कडाही आरशात पाहा.

सोरायसिस आयुष्यभर सोबत राहतो, आणि उपचार न केल्यास तो काहींचे सांधे वाकवतो, हृदयाचाही धोका वाढवतो. म्हणून उपचार हवाच. कोणता, किती आणि कधीपर्यंत, हे ठरवण्यासाठी तुमच्या डॉक्टरांना तुमचा सगळा मागचा हिशेब लागतो, आणि तो तुमच्याशिवाय कुणीही देऊ शकत नाही. आज संध्याकाळी वही आणा, आणि आठवेल तिथून पहिले पान लिहायला घ्या.